‘सगळ्यांनाच होतं गं’ : एका थकव्याचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या कुणा क्लायंटचं नाही, मैत्रिणीचं आहे. मी समुपदेशक आहे. झोप कशी लागते, भूक कशी आहे, शेवटची रक्ततपासणी कधी केली, पाळीचं काय, हे प्रश्न समोर बसलेल्या अनोळखी बाईला मी पहिल्या अर्ध्या तासात विचारते. हिला ते अकरा महिने विचारले नाहीत. दर गुरुवारी तिच्याशी तासभर बोलत असूनही. ते का, हे शोधण्यासाठी हे टिपण. तिने ते वाचलं आहे, दोन ठिकाणी खोडलंय आणि एका ठिकाणी ‘एवढी काही मी रडले नव्हते’ असं समासात लिहिलंय. ओळख पटेल असं जे होतं ते बदललंय.

माणसं

आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या. एक शाळेत शिकवते, तिला आम्ही ‘बाई’ म्हणतो. एक हिशेब तपासण्याच्या कामात आहे, ती ‘ऑडिटर’. एक मी. आणि चौथी आमच्यापेक्षा जेमतेम आठ महिन्यांनी लहान, तेवढ्या भांडवलावर गेली तीस वर्षं ‘धाकटी’. आमच्यात धाकटी, घरी मात्र सगळ्यांची थोरली.

धाकटी ४७ वर्षांची. नवरा कामासाठी आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. एकुलती मुलगी त्याच वर्षी शिकायला दुसऱ्या शहरात गेलेली. आई ७६ वर्षांची, वडील गेल्यापासून एकटी राहणारी, धाकटीच्या घरापासून अर्ध्या तासावर. भाऊ परदेशात; तो सल्ले फोनवरून पाठवतो आणि ते वेळेवर पोचतात. ऑफिसात धाकटीला नुकतीच बढती मिळालेली, हाताखाली सात माणसं.

चौघींचं बोलणं दर गुरुवारी रात्री साडेनऊला, व्हिडिओ कॉलवर. हा नेम बरीच वर्षं टिकलाय. कुणी आजारी असो, कुणाचं भांडण झालेलं असो, साडेनऊला चार चौकोन उजळतात.

तक्रार

सुरुवात थकव्याने झाली. तिचे शब्द असे होते: ‘रात्रभर चार्जिंगला लावते, सकाळी बघते तर चाळीसच टक्के.’ आम्ही हसलो. पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. हळूहळू बाकीचं आलं. रात्री तीनला जाग येते ती येतेच. झोपताना पाय ओढतात, सारखे हलवावेसे वाटतात. छातीत धडधडतं. घरी येऊन पर्स ठेवायच्या आत नवऱ्यावर ओरडते आणि मग त्याच्या पाठमोऱ्या मानेकडे बघून वाईट वाटतं.

आणि शब्द. एका मीटिंगमध्ये तिला ‘स्टेपलर’ हा शब्द आठवेना. ‘ते द्या ना, ते... कागद टोचायचं,’ असं ती म्हणाली. सातही जण हसले, तीही हसली. नंतर वॉशरूममध्ये जाऊन रडली. (समासातली टीप इथली आहे.)

त्या रडण्याचं कारण स्टेपलर नव्हतं. आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी वस्तूंची नावं गेली, मग एकच प्रश्न दिवसातून सहा वेळा फोनवर: ‘गॅसचं बिल भरलंस का गं?’ धाकटीने आईच्या विसरण्यात स्वतःचं विसरणं पाहिलं. तिला वाटलं, वीस वर्षांनी येणारी गाडी आजच फलाटावर लागली.

आमची उत्तरं

बाईंचं निदान तयार होतं: हॉर्मोन्स. ‘माझंही दोन वर्षं असंच झालं होतं. सगळ्यांनाच होतं गं.’ ऑडिटरचं म्हणणं, कामं वाटून दे, भावाला पैसे पाठवायला लाव, मदतनीस ठेव. बरोबरच होतं ते.

माझं उत्तर सगळ्यांत सुबक होतं, म्हणून सगळ्यांत घातक. मी तिला ‘सँडविच जनरेशन’ समजावून सांगितलं. म्हातारे आईवडील आणि अजून पायावर उभी न राहिलेली मुलं, या दोन्हींच्या मध्ये दाबली गेलेली पिढी. डोरोथी मिलर या समाजकार्यकर्तीने १९८१ साली वापरलेला शब्द. ‘मिडलाइफ क्रायसिस’ही सांगून झालं: एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ साली तो मांडला, कलावंतांची चरित्रं चाळून, पुढे सर्वसामान्य लोकांच्या पाहण्या झाल्या तेव्हा मधल्या वयात अशी पडझड सगळ्यांचीच होते असं काही दिसलं नाही. धाकटी मन लावून ऐकत होती. ‘म्हणजे याला नाव आहे तर,’ म्हणाली. तिला बरं वाटलं. मलाही.

नाव मिळालं की शोध थांबतो. मी तिच्या थकव्याला इतकी छान चौकट करून दिली की चौकटीबाहेर काही असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आई आहे, मुलगी गेली, नवरा बाहेर, बढती मिळाली. दमणारच ना माणूस! कारणं चार-चार हजर असताना पाचवं कोण शोधतं?

आणखी एक गोष्ट आम्ही करत होतो, आणि ती आम्हाला मैत्रीच वाटत होती. तेच दुःख दर गुरुवारी पुन्हा काढायचं, चौघींनी चघळायचं, ‘हो ना गं, हो ना’ म्हणायचं आणि सव्वाअकराला जड डोक्याने झोपायला जायचं. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास केला होता. ज्या जोड्या आपल्या अडचणी पुन्हापुन्हा उगाळत बसत, त्यांची मैत्री घट्ट होती आणि त्याच मुलांमध्ये चिंता-उदासीही जास्त होती. इंग्रजीत त्याला को-रूमिनेशन म्हणतात. मी जोडीचा रवंथ म्हणते. आमचा चौघींचा होता. अभ्यास मुलांवरचा होता हे खरं, पण पन्नाशीला टेकलेल्या बायका त्याबाबतीत फार मोठ्या झालेल्या असतात असं मला वाटत नाही.

मधल्या काळात ती एका दवाखान्यात जाऊनही आली होती. ‘वय आहे, ताण कमी करा’ एवढं ऐकून परत आली. रक्त तपासलं नाही. आम्हाला तिने हे हसत सांगितलं आणि आम्हाला तो आमच्या म्हणण्याला मिळालेला दुजोरा वाटला.

जिना

अकराव्या महिन्यात ती माझ्या घरी आली. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट बंद होती, म्हणून मी तिला घ्यायला खाली गेले.

पहिल्या मजल्यापर्यंत ती मुलीच्या हॉस्टेलबद्दल बोलत होती. दुसऱ्याच्या अलीकडे बोलणं थांबलं. जिन्याच्या वळणावर ती उभी राहिली, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हाताने पर्समधून फोन काढला आणि कानाला लावला. ‘तू हो पुढे, एक फोन आलाय.’ मी चार पायऱ्या चढले आणि वळून पाहिलं. तिच्या गालाला टेकलेल्या फोनची कड मला दिसत होती. स्क्रीन काळी होती. तोंड किंचित उघडं. खांदे वरखाली होत होते. मानेच्या खळगीत, गळ्यातल्या साखळीच्या जरा वर, कातडी उडत होती. मी मोजलं नाही, पण मोजता आलं असतं इतकं स्पष्ट.

वीस-पंचवीस सेकंदांनी ती ‘बरं, ठेवते’ म्हणाली, कुणालाही नाही, आणि वर आली.

तेवढ्यात समजायला हवं होतं. समजलं नाही. मला वाटलं, रडू लपवत होती.

बर्फ

त्या दिवशी बाकीच्या दोघीही येणार होत्या. धाकटी घरात आली, सरळ स्वयंपाकघरात गेली, फ्रीज उघडला आणि ग्लासभर बर्फ काढून घेतला. पाणी नाही, काही नाही. नुसता बर्फ. सोफ्यावर बसून ती तो चावू लागली. कडाड, कडाड. बोलणं चालू, मध्येच कडाड.

तिचं हे आम्हाला नवीन नव्हतं. व्हिडिओ कॉलवरही आवाज यायचा. बाई तिला म्हणायच्या, ‘अगं दात पडतील, मग आमच्यात थोरली दिसशील.’ पण फोनमधून ग्लास दिसत नाही. त्या दिवशी ऑडिटरने पाहिलं की पंधरा मिनिटांत दुसरा ग्लास भरला गेला.

‘कधीपासून?’ तिने विचारलं.

‘काय कधीपासून?’

‘बर्फ.’

‘असेल सहा-सात महिने. बरं वाटतं गं. नाही मिळाला तर अस्वस्थ होते.’

‘घरी किती खातेस?’

धाकटी हसली. घरात आता दोन ट्रे होते. तिला उकडतंय असं समजून नवऱ्याने दुसरा आणून दिला होता. प्रेमच ते, यात शंका नाही. फक्त रोगाचं निदान तेवढं कुणी केलं नव्हतं.

ऑडिटर हसली नाही. तिला तिच्या गरोदरपणात हेच झालं होतं; बर्फ, सतत बर्फ, आणि तेव्हा डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की अंगातलं लोह फार कमी झालं की काहींना असं होतं. ज्यात पोषण काहीच नाही अशा गोष्टी खाव्याशा वाटतात; कुणाला माती, कुणाला खडू, कुणाला बर्फ. असं का होतं याचं पक्कं उत्तर कुणाकडे नाही, पण लोह भरलं की ही ओढ जाते, कधीकधी हिमोग्लोबिन वर यायच्याही आधी.

‘पाळी?’ ऑडिटरने पुढचा प्रश्न विचारला. लेखापालाच्या आवाजात, जणू पावती मागतेय.

‘येते की.’

‘किती दिवस?’

आता जे बाहेर आलं ते आम्ही तिघींनी पहिल्यांदाच ऐकलं. नऊ-नऊ दिवस. वीस-एकवीस दिवसांनी परत. पहिले तीन दिवस एकावर एक दोन पॅड, तेही दीड तासात बदलायचे. गाठी. ऑफिसच्या खुर्चीवर घडी केलेला टॉवेल. गेले वर्षभर फक्त काळी पँट. रात्री तीनला ती चिंतेने उठते असं आम्ही समजत होतो. महिन्यातल्या निम्म्या रात्री ती पॅड बदलायला उठत होती.

‘आणि हे तू आम्हाला सांगितलं नाहीस?’ बाई जवळजवळ ओरडल्या.

‘तुम्हीच तर म्हणालात, सगळ्यांनाच होतं.’

खोलीत कुणी काही बोललं नाही. कडाड आवाजही थांबला होता.

‘सगळ्यांनाच होतं’ हे आम्ही कशाला उद्देशून म्हणालो होतो? चिडचिडीला, विसरण्याला, जागरणाला. तिने ते रक्तस्रावाच्याही खात्यात जमा करून टाकलं. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत ती अनियमित होते, मागेपुढे होते, कधी जास्त जाते, हे खरंच आहे. बहुतेकींची पाळी ४५ ते ५५च्या दरम्यान कधीतरी थांबते आणि त्याआधी काही वर्षं हा गोंधळ चालतो. पण सात दिवसांहून जास्त चालणारा, तासा-दोन तासांनी पॅड बदलायला लावणारा स्राव ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचा नसतो. पाळी थांबून बारा महिने उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर थेंबभर असलं तरी दाखवायचं असतं. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि विचारणं यांच्यामध्ये माझी तीस वर्षांची मैत्री आडवी आली. क्लायंटला पाळीबद्दल विचारताना मला संकोच वाटत नाही. हिला विचारायचं सुचलंच नाही, कारण हिच्याबद्दल मला सगळं माहीत आहे अशी माझी खात्री होती.

कागद

ऑडिटरने तिथल्या तिथे एक कागद घेतला. मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा फोनमधल्या कॅलेंडरवरून, मेसेजेसवरून, ‘त्या दिवशी मुलगी आली होती ना’ अशा खुणांवरून काढल्या. मधली अंतरं २१ आणि १९ दिवस. स्राव ९, ८, १० दिवस. पहिल्या तीन दिवसांत रोज सुमारे किती पॅड, गाठी केवढ्या, रात्री किती वेळा उठावं लागतं. खाली एक ओळ: बर्फ, सहा-सात महिने. आणखी एक ओळ मी सांगितली: दोन जिने चढल्यावर थांबावं लागतं. धाकटीने माझ्याकडे पाहिलं, पण नाही म्हटलं नाही.

त्या आठवड्यात ऑडिटर तिच्याबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेली. डॉक्टरबाईंनी आधी तो कागद वाचला, मग धाकटीच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, मग बोलल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. हिमोग्लोबिन ७.४. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन ५. पंधराच्या खाली म्हणजे साठा रिकामा. थायरॉइड ठीक. सोनोग्राफीत गर्भाशयात आतल्या अस्तराकडे वाढलेली एक फायब्रॉइडची, म्हणजे सहसा कॅन्सरची नसणारी, गाठ. वय ४५च्या वर आणि स्राव असा, म्हणून अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. त्या अहवालाला आठ दिवस लागले.

डॉक्टरबाईंनी तिला जे समजावलं ते मी इथे नोंदवते, कारण आमच्या अकरा महिन्यांच्या चर्चेतलं जवळजवळ सगळं त्या चार वाक्यांत होतं. रक्तातला प्राणवायू वाहून नेणारं वाहन लोहाचं. वाहनं निम्मी राहिली की हृदय त्यांच्याच फेऱ्या वाढवतं, ती धडधड. जिना चढताना फेऱ्याही पुरत नाहीत, ती धाप. रात्री पाय ओढणं, लक्ष न लागणं, चिडचिड, यांच्यामागेही लोहाची कमतरता असू शकते. आम्ही ज्याला मधल्या वयाचं ओझं म्हणत होतो त्यातलं बरंचसं ती अक्षरशः रक्ताने भरत होती.

ते आठ दिवस

तपासणीचा अहवाल येईपर्यंत आम्ही काय केलं, हे मला या प्रकरणात सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं. आणि आम्ही फार काही केलं नाही.

बाईंनी पहिल्या दिवशी ‘काही नसेल गं’ म्हणून पाहिलं. धाकटी म्हणाली, ‘तुला कसं माहीत?’ बाईंना उत्तर नव्हतं. त्यानंतर त्यांनी तोंडाने धीर देणं सोडलं आणि दोन संध्याकाळी धाकटीच्या आईकडे जाऊन बसल्या. गॅसच्या बिलाचा प्रश्न बाईंना एका संध्याकाळी चौदा वेळा आला. शाळेत चाळीस वर्गांना एकच धडा शिकवलेली बाई. तिने चौदा वेळा सारख्याच आवाजात ‘भरलं हो, काकू’ सांगितलं. धाकटीने हे ऐकलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली आणि मग म्हणाली, ‘मला चौथ्या वेळी राग येतो.’ मुलगी असण्याचा आणि मुलीची मैत्रीण असण्याचा हा फरक आहे. बाईंना त्या प्रश्नात आईचं हरवत जाणं दिसत नव्हतं, नुसता प्रश्न दिसत होता.

ऑडिटरने विम्याचे कागद लावले. मी रात्री तीनला फोन चालू ठेवला. तिने तो एकदाच केला. बोललो नाही फारसं. तिने विचारलं, ‘जागी आहेस?’ मी म्हटलं, ‘आता आहे.’ एवढं पुरलं.

नवऱ्याशी बोलणं तिने टाळलं होतं. पाचव्या दिवशी सांगितलं. तो पहिलं वाक्य बोलला ते, ‘मला का नाही सांगितलंस?’ तिने विचारलं, ‘तू विचारलंस कधी?’ हे मला जरा अन्यायाचं वाटतं. आम्ही तिघींनीही कुठे विचारलं होतं? पण त्याने वाद घातला नाही. त्या आठवड्यातला बाहेरगावचा दौरा रद्द केला आणि बर्फाचा दुसरा ट्रे फ्रीजमधून काढून टाकला. हे दुसरं तिला आवडलं नाही.

अहवालात काही वाईट निघालं नाही.

लोह भरल्यावर

हिमोग्लोबिन इतकं खाली आणि रक्त अजून जातच होतं, म्हणून लोह शिरेतून दिलं. काही आठवड्यांनी दुर्बिणीने, पोट न कापता, गाठ काढली. पुढे गोळ्या, त्या चहा-कॉफीबरोबर घ्यायच्या नाहीत, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाहीत, आणि आकडा बरा दिसला तरी साठा भरेपर्यंत आणखी काही महिने चालू ठेवायच्या. बहुतेक जण इथेच सोडतात. आमच्याकडे ऑडिटर असल्यामुळे सुटल्या नाहीत.

बर्फ दहा दिवसांत सुटला. तिच्या लक्षातही आलं नाही. एका गुरुवारी बाईंनीच विचारलं, ‘आज कडाड नाही?’ दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.३ होतं. पाय ओढणं थांबलं, धडधड गेली.

आता खरं प्रकरण सुरू होतं. लोह भरल्यावर सगळं ठीक व्हायला हवं होतं, अशी आमची नवी गोड समजूत होती. जुनी समजूत होती की सगळं मनाचं आहे. दोन्ही सारख्याच आळशी. रात्री तीनला अजूनही कधीकधी जाग येते, घामाने. दोन-तीन मिनिटं मान-छाती तापते आणि मग थंडी वाजते. म्हणजे बाईंचे हॉर्मोन्सही खोटे नव्हतेच. शब्द अजूनही अडतात, कमी अडतात. तिने ती भीती शेवटी डॉक्टरांसमोर उघड बोलून दाखवली. त्यांनी विचारलं, ‘तुम्ही विसरता हे तुमच्या घरचे सांगतात, की तुम्हीच?’ ‘मीच.’ ‘आणि आईचं?’ ‘ते मी सांगते. आई म्हणते तिला काही झालेलं नाही.’ एवढ्यावरून निदान होत नाही, पण दोन विसरण्यांमधला फरक तिला त्या प्रश्नाने जेवढा कळला तेवढा माझ्या सगळ्या समजावण्याने कळला नव्हता. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या ‘स्वान’ या बायकांच्या दीर्घ पाहणीतही पाळी जायच्या सुमाराला नवं शिकण्याचा वेग मंदावलेला दिसला होता आणि पुढे तो पूर्ववत होतानाही दिसला. हे मी तिला सांगितलं. यावेळी नाव देऊन थांबले नाही; सहा महिन्यांनी शब्दांचं काय, ते बघायचं असं दोघींनी ठरवलंय.

आईला तपासलं. ऐकू फारच कमी येत होतं. निम्मे प्रश्न ती पुन्हा विचारत होती कारण पहिलं उत्तर तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ऐकू कमी येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक मानलं जातं, त्यामुळे कानाचं यंत्र दोन्ही अर्थांनी हवंच होतं. यंत्र लावल्यावर चौदाचे सहा झाले. उरलेले सहा यंत्राने जाणारे नाहीत. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी परत बोलावलंय. धाकटीला आता चौथ्या वेळी नाही, पाचव्या वेळी राग येतो, असं ती स्वतःच सांगते.

मुलगी नाही त्या घराची शांतता आहे तशीच आहे. त्याला गोळी नाही. नवरा आठवड्यातले तीन दिवस बाहेर असतो, आधी चार असायचा. एका दिवसाचा फरक किती, हे दोघांना अजून ठरवता आलेलं नाही.

गुरुवार

मी एक नियम सुचवला होता: कुणी बोलायला लागलं की आधी विचारायचं, ‘नुसतं ऐकू, की काही सुचवू?’ माझ्या कामात तो उपयोगी पडतो. तीन आठवडे चालला. मग बाई म्हणाल्या, ‘अगं, बँकेच्या खिडकीवर आल्यासारखं वाटतं,’ आणि तो मोडला.

टिकला तो ऑडिटरचा शब्द. ‘कधीपासून?’ कुणी ‘दमलेय’ म्हटलं की कधीपासून. ‘पाठ दुखतेय’, कधीपासून. ‘मुलगा बोलत नाही’, कधीपासून. मैत्रिणींकडे एक गोष्ट असते जी कुठल्याही डॉक्टरकडे नसते: तुमची मागची वर्षं. धाकटी कशी चालायची, किती भरभर बोलायची, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, हे आमच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणताना आम्ही तिची तुलना सगळ्या बायकांशी करत होतो. करायला हवी होती ती तिच्याशीच, दोन वर्षांपूर्वीच्या.

रवंथ पूर्ण बंद झालेला नाही. तो मला थोडा हवाही आहे. भावाच्या सल्ल्यांवर महिन्यातून एकदा अर्धा तास हसल्याशिवाय धाकटीचा महिना पुरा होत नाही. मागच्या महिन्यात बाईंनी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं, आणि पहिल्यांदा ‘कधीपासून?’ धाकटीने विचारलं. बाई म्हणाल्या, ‘असू दे गं, वयच आहे.’ त्यांचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही. पुढच्या शनिवारची वेळ मिळाली आहे.

परवा धाकटी पुन्हा घरी आली. लिफ्ट चालू होती, पण ती जिन्याने आली, मुद्दाम. दारात उभी राहून म्हणाली, ‘बघ, नाही लागली धाप.’ लागली होती थोडी. मी विषय काढला, त्या दिवशी जिन्यात तू फोनवर कुणाशी बोलत होतीस?

‘ऑफिसचा होता,’ ती म्हणाली.

मी मान हलवली आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.